तोल न ढळलेला पैलवान

बारामती-इंदापूर भागात यात्रेतला कुस्त्यांचा फड न बघितलेला पोरगा सापडणं अवघड. हलगी कडाडते, दोघांची खडाखडी होते आणि बघता बघता एक जण आभाळ बघत पडलेला असतो. आपल्याला वाटतं, ताकद कमी पडली. कडेला बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादाला विचारा, तो सांगेल की ताकद नाही, तोल गेला.

हा तोल ज्यांनी आयुष्यभर सांभाळला, त्या खाशाबा दादासाहेब जाधवांची ही गोष्ट.

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावात 15 जानेवारी 1926 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे लहानपणापासून अंगाला लाल माती लागलेली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. म्हणजे खाशाबाही तुमच्यासारखेच कॉलेजचे विद्यार्थी होते, वह्यापुस्तकं आणि तालीम दोन्ही सांभाळणारे.

अंगकाठी म्हणाल तर लहानखुरी. रस्त्यात दिसले असते तर हा पैलवान आहे, हे पटलं नसतं. पण त्यांचा ढाक हा डाव नावाजलेला होता. समोरच्याच्या मानेला हाताचा विळखा घालायचा, कंबर त्याच्या पोटाखाली सारायची आणि जागच्या जागी गर्रकन फिरून त्याला कमरेवरून खाली आणायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण फिरताना तुमची कंबर बाजूला सरकली, वजन पायाच्या बाहेरच्या कडेवर गेलं, की डाव फसला. समोरचा नुसता ढकलतो आणि तुम्हीच खाली जाता. शरीराचं वजन दोन पायांच्या मध्ये राहिलं, गुडघे जरा वाकलेले असले, तरच फिरण्यातून जोर तयार होतो.

हे फक्त कुस्तीतच आहे असं नाही. गोल्फमध्ये काठी मागे नेताना नवशिका खेळाडू हमखास हीच चूक करतो. कंबर वळवायच्या ऐवजी सगळं अंग मागच्या पायावर झुकवतो. वजन मागच्या पायाच्या आतल्या बाजूला राहायला हवं, ते बाहेर सांडतं. मग काठी खाली येताना चेंडू नेमका लागत नाही. क्रिकेटमध्ये डोकं एका बाजूला पडलं की चेंडू पॅडवर बसतो, तसंच. सरकू नका, वळा. तालमीतला वस्ताद आणि गोल्फचा कोच, दोघांची शिकवण एकच.

1948 साली खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला होता. मातीत वाढलेल्या या पोराला तिथे मॅटवर लढायचं होतं. मातीत पाय रुततो, आधार मिळतो. मॅटवर सगळं वेगळं. नियम वेगळे, गुणांचा हिशोब वेगळा. तरीही फ्लायवेट गटात ते सहावे आले. पदक नाही म्हणून ते खचले नाहीत, सहावा नंबर आला म्हणून हुरळलेही नाहीत. गावी येऊन पुन्हा तालीम धरली.

1952 ला हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा प्रश्न पैशांचा होता. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. विचार करा, आपल्या विद्यार्थ्यासाठी राहतं घर गहाण!

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट फ्रीस्टाइल म्हणजे 57 किलो गटात उतरले. कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरवलं. जपानच्या शोहाची इशीबरोबरची लढत लांबली आणि ती ते हरले. याच इशीने पुढे सुवर्ण जिंकलं. दमलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेयोव्हशी लढावं लागलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला त्यांच्या बाजूने तिथे कुणी अधिकारीच हजर नव्हता. ती लढतही गेली आणि हाती आलं कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक मिळायला देशाला 1996 पर्यंत, म्हणजे 44 वर्षं थांबावं लागलं.

परत आल्यावर दीडशेहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. इथे भल्याभल्यांचं डोकं फिरलं असतं. खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडायला हातभार लावला. पदक गळ्यात असलं तरी कुणाचं देणं आहे, हे ते विसरले नाहीत.

1955 मध्ये ते पोलिस खात्यात उपनिरीक्षक झाले. बढती मिळायला पुष्कळ वर्षं लागली. निवृत्त होताना ते सहायक पोलिस आयुक्त होते. 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर, दीड दशकाहून जास्त काळ उलटल्यावर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव लागलं 2010 मध्ये. हे बघायला ते नव्हते.

आता आपलं बघू. सेमिस्टरचा निकाल लागला की आपण एक तर हवेत जातो, नाही तर खोलीत कोंडून घेतो. भरतीत अर्ध्या मार्काने नाव गेलं की मैदानच सोडतो. खाशाबांच्या वाट्याला सहावा नंबर आला, पैशांची चणचण आली, अन्याय आला, मिरवणूक आली आणि नंतरचा विसरही आला. प्रत्येक वेळी ते वळले, सरकले नाहीत.

यंदा गावच्या यात्रेत फडाच्या कडेला बसलात, तर पैलवानाच्या दंडाकडे नका बघू. पायांकडे बघा. कुस्ती कोण मारणार, ते तिथेच कळतं.