धारवाडचे बाळू पालवणकर

धारवाडचे नाव निघाले की लोक पेढ्याची, बेंद्र्यांची आणि गवयांची आठवण काढतात. एका गोलंदाजाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो, याचे मला नेहमी वाईट वाटते. बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ च्या सुमारास आपल्या याच गावात झाला. घराणे मूळचे कोकणातले, जातीने चांभार. लष्करी चाकरीच्या निमित्ताने कुटुंब पुण्याला गेले आणि तेथे गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू व धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले.

शिकले म्हणजे कोणी शिकविले नाही. गोल्फच्या मैदानावर साहेबाच्या काठ्यांची पिशवी वाहणारी पोरे जशी पाहता पाहता खेळ उचलतात, तसेच हे. पहिली नोकरी पारशी क्लबात: खेळपट्टी झाडणे, रूळ फिरविणे, पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात आले, तेव्हा त्यात एका रुपयाची भर पडली. तेथे जाळी लावणे, रेघा आखणे ही कामे होतीच. पण सरावासाठी साहेबांना तासन् तास चेंडू टाकण्याचे कामही अंगावर पडले. ग्रेग हा त्यांतला उत्तम फलंदाज. बाळूंनी त्याला बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. चार रुपये पगारात आठ आण्यांची किंमत काय, हे वाचकांनीच ताडावे. डाव्या हाताची ती मंद फिरकी या रोजच्या राबण्यातून घडली. फलंदाजीची पाळी मात्र त्यांच्यावर सहसा आली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा!

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते, आणि बाळूंवाचून ते जमणारे नव्हते. म्हणून बरीच वादावादी होऊन त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळीत. चहाच्या वेळी मात्र सहकारी तंबूत बसत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताट वेगळे, मेजही वेगळे. विटाळ चेंडूला लागत नव्हता आणि कपाला लागत होता, हे तर्कशास्त्र मला अजून उलगडलेले नाही. हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा गोल्फपटू असाच पिशव्या वाहून वर आला. १९६३ साली त्याने दक्षिण आफ्रिकेत नाताळची स्पर्धा जिंकली, तेव्हा क्लबघरात प्रवेश नसल्यामुळे त्याला भर पावसात बाहेर उभे राहून चषक घ्यावा लागला.

पुढे बाळू मुंबईस आले, रेल्वेत लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ च्या सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. प्रतिपक्षाचा दुसरा डाव अवघ्या १०२ धावांत आटोपला; सामन्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाने सपाटून मार खाल्ला, पण बाळूंनी एकट्याने त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीचे होते, हे क्रीडांगणावर घाम गाळणाऱ्या आपल्या मंडळींनी ध्यानात घ्यावे.

एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी मिळाले नाही. १९१३ साली कप्तान झालेल्या पै यांनी स्वतःच हा मान बाळूंचा असल्याचे बोलून दाखविले. १९२० साली तर बाळूंना वगळून देवधरांकडे कप्तानपद दिले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ जाहीर पत्रक काढून बाहेर पडले. खेळाडूने पोटाच्या धंद्यावर पाणी सोडण्याची तयारी दाखवून मान मागावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. अखेर बाळूंना उपकप्तान म्हणून परत बोलावले, आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघ त्यांनीच चालविला. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली.

राजकारणात बाळूंचा जम बसला नाही. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या तरुण आंबेडकरांना एके काळी बाळूंचा अभिमान वाटे, त्यांच्याच समोर त्यांना उभे राहावे लागले. ही लढत झाली नसती तर बरे झाले असते, असे माझे मत आहे.

४ जुलै १९५५ रोजी बाळू वारले. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली आणि त्यांचे जन्मगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले.