गांधीजींच्या गुरूंनी सातासमुद्रापारच्या मजुरांच्या संसारासाठी लढा दिला होता

गोपाळ कृष्ण गोखले म्हटलं की टिळकांशी झालेले मतभेद आणि गांधीजींचे गुरू, एवढंच आठवतं. पण परदेशात मजुरीला गेलेल्या भारतीयांना तिथं माणसासारखा संसार करता यावा, यासाठीही ते शेवटपर्यंत लढले.

गोखले जन्मले ९ मे १८६६ रोजी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकमध्ये. १८७९ मध्ये वडील गेले. थोरले भाऊ गोविंदरावांनी शिक्षण सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले ८ रुपये ते दर महिन्याला कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचे. त्या पैशांवर शिकून गोपाळ १८८४ मध्ये पदवीधर झाला.

याच कोकणातली कित्येक माणसं तेव्हा मॉरिशसला जाऊन राबत होती. १८३४ मध्ये इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. मग भारतातून ५ वर्षांच्या करारावर माणसं नेली गेली. ॲग्रीमेंटचं झालं गिरमिट आणि मजूर झाले गिरमिटिये. त्यांना १०० पुरुषांमागे ४० बायका एवढंच प्रमाण ठरलेलं होतं. म्हणजे बहुतेकांना संसार नाहीच.

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात तर आणखी वाईट गत होती. करार संपल्यावर तिथंच राहायचं असेल, तर वर्षाला ३ पौंड कर. १६ वर्षांवरच्या मुलांना आणि १३ वर्षांवरच्या मुलींनाही तो लागायचा. नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं असली की झाले १२ पौंड. मजुराला हे झेपणारं नव्हतंच.

१९१० मध्ये गोखल्यांनी कायदेमंडळात हा विषय लावून धरला आणि १ जुलै १९११ पासून नाताळला मजूर पाठवणं थांबलं. १९१२ मध्ये गिरमिटच बंद करा, असा ठराव त्यांनी आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला.

त्याच वर्षी मधुमेहाने थकलेले गोखले बोटीने दक्षिण आफ्रिकेला गेले, बोथा आणि स्मट्स या मंत्र्यांना भेटले. कर जाणार, अशी त्यांची खात्री झाली. पण सरकारने नंतर हात वर केले. त्यात मार्च १९१३ मध्ये तिथल्या कोर्टाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं अमान्य ठरवली. कायद्याच्या नजरेत बायको बायको उरली नाही.

गांधीजींनी सत्याग्रह पुकारला. कस्तुरबा तुरुंगात गेल्या, हजारो मजुरांनी संप केला. इकडे गोखल्यांनी देशभरातून पैसा उभा केला, अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना मदतीला धाडलं. अखेर १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला आणि एका पत्नीशी झालेलं लग्न मान्य झालं.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, वय अवघं ४८. गिरमिटावर मजूर पाठवणं १९१७ मध्ये थांबलं, ते बघायला ते नव्हते.

मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांची नातवंडं-पतवंडं आज तिथलीच झाली आहेत. तरी गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते आणि तिथल्या मराठी घरांत गणपती बसतो.