सीएसएमटीचं तिकीटघर राजवाड्यासारखं का दिसतं? गोष्ट फ्रेडरिक स्टीव्हन्सची

सीएसएमटीला लोकलचं तिकीट काढताना कधी मान वर करून बघितलंय? निळ्या छतावर सोनेरी तारे दिसतात. म्हणूनच या हॉलचं नाव पडलं ‘स्टार चेंबर’. ज्यांनी हा हॉल उभारला ते आर्किटेक्ट म्हणजे फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

१८४७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरात त्यांचा जन्म झाला. विशीतच ते सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८६७ मध्ये भारतात आले. आधी पुणे, मग मुंबई. इथे त्यांनी खलाशांसाठी ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ बांधलं. आज तिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे.

पुढे ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेने त्यांच्याकडे बोरीबंदरच्या नव्या टर्मिनसचं काम सोपवलं. त्यासाठी स्टीव्हन्स तब्बल १० महिने युरोपातली स्टेशनं बघत फिरले.

खरा पेच होता गर्दीचा. एकाच इमारतीत रेल्वेची कचेरीही हवी होती आणि प्रवाशांची सोयही. स्टीव्हन्सनी दोन्ही वाटा वेगळ्या केल्या. कचेरीत जाणारे घुमटाखालच्या भव्य दगडी जिन्याने वर जाणार, तर प्रवासी रस्त्यावरून थेट तिकीटघरात आणि तिथून फलाटावर.

पण सोय झाली म्हणून त्यांनी सजावटीत हात आखडता घेतला नाही. तिकीटघराला उंच कमानी, इटालियन संगमरवर आणि पॉलिश केलेला निळसर दगड मिळाला. इमारतीवरची पानं, फुलं, पशुपक्षी घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. काम १८७८ मध्ये सुरू झालं, १८८८ मध्ये संपलं. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये.

याच स्टेशनसमोरची मुंबई महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. ती १८९३ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर चर्चगेटचं रेल्वे मुख्यालयही त्यांनी केलं. पण १९०० मध्ये मलेरियाने त्यांचा मुंबईतच मृत्यू झाला. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

२००४ मध्ये युनेस्कोने सीएसएमटीला जागतिक वारसा जाहीर केलं. पण हा वारसा काचेच्या पेटीत बंद नाही. राजवाड्यांचे दरबार पाहायला आज तिकीट लागतं. स्टार चेंबरमध्ये मात्र लोक तिकीट काढायलाच येतात आणि गाडी सुटेल म्हणून वर न बघताच पळतात.