हवालदार गोपाळबाबा वलंगकर

आपल्या सुप्याहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की शिरूर, शिक्रापूर मागं टाकल्यावर कोरेगाव भीमाचा विजयस्तंभ येतो. १ जानेवारीला आपली माणसं लेकराबाळांसह तिथं जातात. १८१८ च्या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरलेली आहेत. त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ती आपली माणसं. लढाईत पडलेल्यांना आपण दरसाल वंदन करतो. पण पलटणीतली नोकरी संपवून जे जिवंत परत आले, त्यांचं गावात पुढं काय झालं? त्यांच्यापैकी एका माणसाची ही हकिकत आहे.

गोपाळबाबांचा जन्म १८४० च्या सुमाराचा, महाड तालुक्यातल्या रावढळ या गावचा. कोकणातली भातशेतीची मुलूखपट्टी. तिथल्या महार घराला शेती म्हणजे वतनाची, आणि वतन म्हणजे वेठ. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढं धावायचं, सांगावे पोचवायचे, सारा तालुक्याला न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं. बदल्यात जमिनीचा लहानसा तुकडा, तोही भावकीत वाटून वाटून बांधाएवढा उरलेला, आणि खळ्यावरचं बलुतं. त्यातून सुटायची एकच वाट होती, ती म्हणजे पलटण. गोपाळबाबा त्या वाटेने गेले.

पलटणीने काय दिलं? पगार दिला, अंगावर वर्दी दिली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अक्षरं दिली. शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी पलटणीत शाळा असायच्या. गावात ज्याला शाळेच्या पायरीला शिवू देत नव्हते, तो तिथं वाचायला, लिहायला शिकला. पुढं डॉ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी तर लष्करी शाळेत मुख्याध्यापकच झाले. आपल्या चळवळीचा पहिला कागद लिहिणारे हात हे असे पलटणीत तयार झाले, ही गोष्ट आपण विसरतो.

१८८६ साली गोपाळबाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्या काळी दापोलीला महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती, तिथं त्यांनी बिऱ्हाड केलं. हातात पेन्शन होती. गप्प बसून चार दिवस सुखाचे काढता आले असते, आणि पुष्कळांनी तसे काढलेही. त्यांना दोष देण्याचं कारण नाही, आयुष्यभर राबलेली माणसं ती. पण गोपाळबाबांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा पगडा बसला होता. ज्या देहाला सरकारी बंदूक चालते, त्याच देहाचा गावच्या पाणवठ्याला विटाळ होतो, हे त्यांना सहन होईना. त्यांनी लेखणी धरली. 'दीनबंधु' आणि 'सुधारक' या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसक' हे पुस्तक काढलं. त्यात उच्चवर्णीय पुढाऱ्यांना २६ प्रश्न विचारले होते. गावोगाव फिरून सभा घेतल्या. अनार्य दोष परिहार मंडळ उभं केलं.

एवढ्यात घाव बसला तो सरकारकडून. १८९२-९३ च्या सुमारास लष्कराने महारांची भरती बंद केली. इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या डोक्यात लढवय्या जातींचं खूळ शिरलं होतं आणि त्या यादीत आपलं नाव नव्हतं. कोरेगावला स्तंभ उभारला ते सरकार हेच! हा धक्का नुसता पगाराचा नव्हता. मुलगा पलटणीत जाणार नाही म्हणजे तो परत वेठीला जुंपला जाणार, आणि नातवाची शाळा बंद होणार.

१८९४ साली गोपाळबाबांनी सरकारला द्यायचं 'विनंतीपत्र' लिहिलं. भरती पुन्हा सुरू करा, ही मागणी. पेन्शनर माणसाने सरकारकडं बोट दाखवायचं म्हणजे जोखीमच होती, कारण घरात रोख पैसा येणारी तीच एक वाट. त्या विनंतीपत्रात महार हे मूळचे क्षत्रिय, दुष्काळात खाल्लेल्या अन्नामुळे पतित ठरवले गेले, असा युक्तिवाद आहे. आज आपल्याला तो पटत नाही. विटाळच खोटा म्हणणाऱ्या माणसाने क्षत्रियपणाचा दाखला का काढावा, असं वाटतं. पण लढवय्या जात कोणती एवढंच पाहणाऱ्या साहेबापुढं ते बोलत होते, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

१८९५ साली सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं. महार माणूस शेजारी बसणार म्हणताच स्पृश्य सभासदांचं पित्त खवळलं, बहिष्काराची भाषा झाली. पण म्हातारा हवालदार मागं हटणारा नव्हता. विहिरी, रस्ते, शाळा यांचा कारभार जिथं चालायचा, त्या जागी आपला माणूस पहिल्यांदा पोचला होता.

१९०० साली गोपाळबाबा वारले. भरती बंदच होती. मागणी मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा विलायत सरकारपुढं ठेवली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. कायमची महार रेजिमेंट झाली ती १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावला, बाबासाहेबांच्या खटपटीनंतर. वेठीचं वतन तर त्याहून चिवट निघालं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यावर बिल आणलं, पण कायद्याने ते उठायला १९५८ साल उजाडलं.

आणि महाड? रावढळ ज्या तालुक्यात, त्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या परिषदेला जमलेल्या हजारो लोकांत कोकणातले म्हातारे पेन्शनरही आले होते.