फादर डेमियन

फादर डेमियन (३ जानेवारी १८४० – १५ एप्रिल १८८९) हे बेल्जियममध्ये जन्मलेले रोमन कॅथोलिक धर्मगुरू व मिशनरी होते. हवाई बेटांपैकी मोलोकाई येथील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत त्यांनी सुमारे सोळा वर्षे सेवा केली आणि अखेरीस त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. रोमन कॅथोलिक चर्चने २००९ साली त्यांना संतपद दिले.

बालपण व धर्मदीक्षा

त्यांचे मूळ नाव योझेफ डे व्हस्टर. बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८५९ साली लुव्हेन येथे त्यांनी येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात प्रवेश केला. तेथे त्यांनी डेमियन हे नाव धारण केले. प्राचीन ख्रिस्ती परंपरेतील एका वैद्य हुतात्म्याचे ते नाव आहे. शिक्षण बेताचे असल्यामुळे ते धर्मगुरूपदास योग्य नाहीत, असे वरिष्ठांना प्रारंभी वाटत होते. त्यांनी त्याच संघात असलेल्या आपल्या थोरल्या भावाकडून लॅटिन भाषा शिकून घेतली.

या भावाची हवाईला जाण्यासाठी निवड झाली होती. परंतु तो आजारी पडला, आणि त्याच्या जागी जाण्याची अनुमती डेमियन यांनी मिळवली. १९ मार्च १८६४ रोजी ते होनोलुलूस पोहोचले. त्याच वर्षी २१ मे रोजी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. पुढील नऊ वर्षे त्यांनी हवाई या मुख्य बेटावर धर्मकार्य केले.

विलगीकरणाचा कायदा

परदेशी जहाजांबरोबर आलेल्या रोगांनी हवाईची मूळ प्रजा झपाट्याने घटत होती. कुष्ठरोगावर त्या काळी खात्रीचा उपाय नव्हता. १८६५ साली हवाईच्या राज्यात या रोगाचा प्रसार रोखण्यासाठी कायदा झाला आणि जानेवारी १८६६ पासून रुग्णांना मोलोकाई बेटावरील कालाउपापा द्वीपकल्पावर पाठविण्यात येऊ लागले. या भूमीच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला सरळसोट कडे आहेत. रुग्ण स्वतः शेती करून पोट भरतील, असा शासनाचा अंदाज होता. प्रत्यक्षात हातापायांची बोटे झडलेल्या माणसांना ते अशक्य होते. अन्न, वस्त्र, निवारा व औषध या सर्वांची टंचाई होती. तेथे पाठविलेला मनुष्य परत येत नसे. पती-पत्नी आणि माता-मुले यांची ताटातूट होई.

मोलोकाई येथील कार्य

बिशप लुई मेग्रे यांनी या वसाहतीसाठी आळीपाळीने धर्मगुरू पाठविण्याची योजना मांडली. १० मे १८७३ रोजी डेमियन पहिले म्हणून कालावाओ येथे उतरले. काही दिवसांतच त्यांनी तेथे कायम राहण्याची परवानगी मागितली. त्या वेळी ते ३३ वर्षांचे होते. प्रारंभी राहण्यास घर नसल्यामुळे ते केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली झोपत.

आजाऱ्याची केलेली सेवा ही प्रत्यक्ष ख्रिस्ताची सेवा होय, ही शुभवर्तमानातील शिकवण त्यांच्या कार्यामागे होती. ती त्यांनी उपदेशापेक्षा हाताने केलेल्या कामातून आचरली. ते जखमा धूत, मलमपट्टी करीत, शवपेट्या तयार करीत आणि थडगी खणत. सुतारकामाचे ज्ञान असल्यामुळे रुग्णांना सोबत घेऊन त्यांनी घरे बांधली, संत फिलोमिना यांच्या नावाचे प्रार्थनामंदिर वाढविले आणि वस्तीत नळाने पाणी आणण्याच्या कामी हातभार लावला. अनाथ मुलामुलींसाठी त्यांनी वसतिगृहे काढली. वाद्यवृंद व गायनवृंदही उभे राहिले. यामुळे मरणाची वाट पाहणाऱ्या वस्तीला गावाचे रूप आले.

रुग्णांशी अंतर राखून वागावे, असा वरिष्ठांचा सल्ला होता. डेमियन रुग्णांबरोबर एकाच भांड्यातून जेवत. स्पर्श टाळणे म्हणजे रुग्णाला पुन्हा एकदा बहिष्कृत करणे, असे त्यांच्या वागण्याचे सूत्र दिसते. त्याची किंमतही त्यांना ठाऊक होती. विलगीकरणाच्या नियमांचा जाच त्यांनाही झाला. एकदा त्यांच्या संघाचे प्रमुख जहाजाने आले असता डेमियन यांना जहाजावर चढू दिले नाही, तेव्हा त्यांनी होडीत उभे राहून, इतरांच्या देखत, मोठ्याने आपले पापनिवेदन केले.

आजारपण व मृत्यू

डिसेंबर १८८४ मध्ये कढत पाण्यात पाय ठेवला असता त्यांना वेदना जाणवली नाही. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. त्यामुळे रोगाचे निदान स्पष्ट झाले. १८८६ साली होनोलुलू येथे जपानी वैद्य मासानाओ गोतो यांच्या पद्धतीने त्यांनी काही काळ उपचार घेतले, परंतु रोग हटला नाही. त्याच वर्षी अमेरिकेचे जोसेफ डटन त्यांच्या मदतीस आले. १८८८ साली मदर मरियान कोप यांच्यासह धर्मभगिनी कालाउपापा येथे दाखल झाल्या. आपल्यामागे रुग्णांचे काय होईल, ही डेमियन यांची चिंता त्यामुळे हलकी झाली.

डिसेंबर १८८८ मध्ये इंग्लिश चित्रकार एडवर्ड क्लिफर्ड त्यांच्या भेटीस आले. भारताच्या प्रवासात त्यांना माहीत झालेले गर्जन वृक्षाचे तेल त्यांनी औषध म्हणून सोबत आणले होते. १५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षी डेमियन यांचे निधन झाले. त्यांच्या पहिल्या निवाऱ्याच्या त्याच झाडाखाली त्यांचे दफन करण्यात आले.

वाद व मूल्यमापन

मृत्यूनंतर होनोलुलूचे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक चार्ल्स हाइड यांनी एका पत्रात डेमियन यांना अस्वच्छ व हट्टी ठरवून त्यांच्या चारित्र्यावर संशय घेतला. ते पत्र प्रसिद्ध झाल्यावर लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८९० साली जाहीर पत्र लिहून त्याचा समाचार घेतला. स्टीव्हन्सन स्वतः प्रॉटेस्टंट होते व त्यांनी वसाहत पाहिली होती. डेमियन यांचे दोष त्यांनी नाकारले नाहीत. इतर जण सुखाने घरी बसले असता हा मनुष्य तेथे गेला, यावर त्यांनी भर दिला. डेमियन यांचा स्वभाव उतावळा होता आणि आरोग्य मंडळाशी व वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत, ही गोष्ट खरी आहे. मात्र त्यांचा हट्ट बहुतेक वेळा रुग्णांसाठी लाकूड, कपडे व औषधे मिळविण्याचा असे.

वारसा

त्यांच्या मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये कुष्ठरोगनिधी स्थापन झाला. त्या निधीतर्फे आलेल्या आयोगाने १८९०-९१ मध्ये भारतात फिरून रोगाची पाहणी केली. १९३६ साली डेमियन यांचे अवशेष लुव्हेन येथे नेण्यात आले. १९९५ साली त्यांचा उजवा हात कालावाओ येथील मूळ थडग्यात परत ठेवण्यात आला.

ज्या वर्षी डेमियन मोलोकाईस गेले, त्याच १८७३ साली नॉर्वेचे हान्सेन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला. परंतु परिणामकारक औषधे १९४० च्या दशकातच उपलब्ध झाली. हवाईतील सक्तीचे विलगीकरण १९६९ साली संपले. तोपर्यंत सुमारे ८,००० लोक या द्वीपकल्पावर पाठविले गेले होते. औषध हाती नसतानाही रुग्णाची सेवा करता येते आणि त्याचा मान राखता येतो, हे डेमियन यांच्या जीवनातून दिसून येते.