पाखरांच्या मागावर

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट. मुंबईत खेतवाडी भागात मामांच्या घरी एक पोरका मुलगा वाढत होता. त्याचे नाव सलीम. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी त्याचा जन्म झाला आणि लहानपणीच त्याचे आईवडील निवर्तले. छऱ्यांच्या बंदुकीने चिमण्या टिपण्याचा त्याला मोठा नाद होता. एके दिवशी त्याने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणत्या जातीची चिमणी? मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील चिटणीस मिलार्डसाहेबांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेले नाना जातींचे पक्षी त्याला दाखविले. बिचकत गेलेला तो मुलगा परतला तो पाखरांचे वेड घेऊनच.

हेच पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्यांची वाट सोपी नव्हती. १९२६ साली त्यांना मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली. पुढे अधिक अभ्यासासाठी ते जर्मनीत बर्लिन येथे गेले. १९३० साली ते परतले, तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! जवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. दुसरी नोकरी मिळेना. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात जाऊन राहिले.

पावसाळा सुरू झाला. सुगरण पक्ष्यांची लगबग उडाली. हातची नोकरी गेली म्हणून कपाळाला हात लावून न बसता सलीम अली आडोशाला बसून तासन् तास त्या पाखरांकडे पाहू लागले. जे दिसे ते ते वहीत टिपून ठेवीत.

मराठीत या पाखराला सुगरण म्हणतात. परंतु घरटे विणतो तो नर! तो एकामागून एक घरटी विणावयास घेतो. घरटे निम्मे झाले की माद्या येतात आणि आत शिरून ते पारखतात. एखादीला ते पसंत पडले, तर नर त्याला खाली लोंबणारी नळी जोडून ते पुरे करतो व दुसरे घरटे विणू लागतो. नापसंत घरटे मात्र अर्धवटच राहते. अंडी उबविण्याचे काम मादी करते. हे सारे त्यांनी धीराने पाहिले आणि १९३१ साली प्रसिद्ध केले. बेकारीच्या त्या पावसाळ्याने त्यांना जाणकारांत मान मिळवून दिला.

नंतर त्यांनी संस्थानिकांपुढे एक योजना मांडली. संस्थानाने केवळ प्रवासाचा खर्च द्यावा. पक्ष्यांची पाहणी आपण वेतन न घेता करू. प्रथम हैदराबाद संस्थानाने ती मानली. मग त्रावणकोर, कोचीन अशा अनेक प्रदेशांतील रानावनांत, डोंगरदऱ्यांत ते पाखरांच्या मागावर पायी हिंडले. तेहमिना त्यांच्याबरोबर तंबूत राहत. १९३९ साली त्या निवर्तल्या. हा घाव मोठा होता, तरी सलीम अलींनी काम सोडले नाही.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले. पुढे डिलन रिप्ले यांच्यासह त्यांनी पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले. १९८७ साली, नव्वदी उलटल्यावर, त्यांचे निधन झाले.

एका चिमणीविषयी पडलेला प्रश्न त्यांनी मनातून जाऊ दिला नाही. त्या प्रश्नाचा माग घेत घेतच ते एवढे थोर झाले.