विश्लेषण : कपडे शिवणाऱ्या सारा शेनिरेर यांनी ज्यू मुलींसाठी शाळा कशी उभारली?

कर्मठ ज्यू घरांतील मुलगे कोवळ्या वयातच धर्मग्रंथ शिकू लागत, त्यांच्या बहिणींसाठी मात्र तशी सोय नव्हती. ही उणीव भरून काढली ती पोलंडमधील सारा शेनिरेर यांनी. त्या कपडे शिवून पोट भरणाऱ्या होत्या.

मुलींची अडचण काय होती?

शेनिरेर यांचा जन्म क्राकूव शहरात १८८३ मध्ये झाला. हे शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे होते. मुलग्यांना धार्मिक पाठशाळेत बसवले जाई, मुली सरकारी शाळेत जात. तिथे त्यांना पोलिश साहित्याची गोडी लागे आणि घरातले व्रतनियम परके वाटू लागत. सणाला वडील आणि भाऊ आपल्या गुरूंच्या गावी जात, मुली घरीच. काही मुलींनी घर सोडून धर्मांतर केल्याची प्रकरणे गाजली. तरीही १९०३ मध्ये रब्बींच्या परिषदेत मुलींच्या धर्मशिक्षणाचा विषय निघाला तेव्हा तो फेटाळला गेला. मुलीला तोरा शिकवू नये, असे एक जुने मत आडवे येत होते.

शेनिरेर यांना शाळा का सुचली?

शेनिरेर यांच्या धार्मिक वृत्तीची शाळेत थट्टा होई. पुढे त्या शिवणकाम करू लागल्या. कपड्याच्या मापात जराही फरक चालू न देणाऱ्या गिऱ्हाईक बायका मनाच्या पोषणाबाबत इतक्या बेफिकीर कशा, हा प्रश्न त्यांना छळत असे. पहिल्या महायुद्धात त्या व्हिएन्नाला गेल्या. तिथे हनुका सणात एका रब्बींनी प्रवचनात ज्युडिथ या शूर स्त्रीची कथा सांगितली आणि त्यांना दिशा मिळाली. परतल्यावर त्यांनी आधी तरुणींना जमवले, पण त्या ऐकेनात. मग त्यांनी लहान मुली घेतल्या. १९१७ मध्ये घरातच २५ मुलींची शाळा सुरू झाली. नाव ‘बेस याकोव’, म्हणजे याकोबाचे घराणे.

विरोध कसा मावळला?

भावाने त्यांना बेल्झच्या धर्मगुरूंकडे नेले आणि गुरूंचा आशीर्वाद मिळाला. पुढे अगुदत इस्रायल या कर्मठ संघटनेने शाळा आपल्या छत्राखाली घेतल्या. परंपरा टिकवण्यासाठीच परंपरा मोडावी लागत होती, हे बहुधा त्यांनाही उमगले असावे.

शाळेत रोज काय चाले?

बऱ्याच ठिकाणी मुली सकाळी सरकारी शाळेत आणि दुपारी बेस याकोवमध्ये जात. प्रार्थना, बायबल, यिडिश आणि सणांचे नियम शिकवले जात. खरी चणचण शिक्षिकांची होती. सुरुवातीला तर शेनिरेर यांनी आपल्या किशोरवयीन विद्यार्थिनींनाच दुसऱ्या गावी शिकवायला धाडले. पुढे क्राकूवला शिक्षिकांचे विद्यालय निघाले. या मुली सहलीला जात, गात, नाचत. आईवडिलांपेक्षा जास्त काटेकोर धर्म पाळणाऱ्या लेकी घरी परतू लागल्या, आणि काही घरांत तीच नवी कुरबुर ठरली.

पुढे काय झाले?

शेनिरेर यांना मूल नव्हते. १ मार्च १९३५ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा पोलंडमध्ये २०० हून अधिक शाळांत २५ हजारांहून जास्त मुली शिकत होत्या. नाझींनी त्या शाळा बंद पाडल्या. बहुतेक विद्यार्थिनी आणि शिक्षिका मारल्या गेल्या. ज्या दफनभूमीत शेनिरेर यांना पुरले होते, तिच्यावरच प्लाशूवची छळछावणी उभी राहिली. वाचलेल्या शिक्षिकांनी इस्रायल आणि अमेरिकेत त्याच नावाच्या शाळा पुन्हा सुरू केल्या. त्या आजही चालतात.